अंतुलेंचा हिशेब कुणाच्या खात्यात?

दरवर्षी २ डिसेंबर जवळ आला की आमच्या गावाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर बॅरिस्टर अब्दुल रहमान अंतुले यांचा फोटो फिरू लागतो. खालचा मजकूर वर्षानुवर्षं तोच. महाराष्ट्राचे पहिले आणि आजवरचे एकमेव मुस्लिम मुख्यमंत्री. कुलाब्याचं रायगड केलं, सिंधुदुर्ग आणि जालना हे जिल्हे केले, निराधारांना पगार सुरू केला. आणि शेवटी ठरलेलं वाक्य: मुसलमान होते म्हणून काढलं. खाली चाचा, मामू, दुबईतले आणि कुवेतमधले भाऊ मगफिरतची दुआ लिहितात आणि ग्रुप पुढच्या विषयाकडे वळतो.

याच्या उलट अनुभव ऑफिसमध्ये येतो. चहाच्या वेळी भ्रष्टाचारावर गप्पा निघाल्या की पन्नाशीतला एखादा सहकारी 'सिमेंट' एवढाच शब्द उच्चारतो, माझ्याकडे बघतो आणि विषय बदलतो. त्याच्या मनात वाईट काही नसतं. पण त्या थांबण्यातून मला कळतं की माझ्या जन्माच्या आधी घडलेल्या एका प्रकरणाशी माझा काहीतरी संबंध आहे, असं त्याला वाटतं.

माझ्या पिढीतल्या बहुतेकांना अंतुले या दोनच रूपांत माहीत आहेत, शहीद म्हणून किंवा डाग म्हणून. मी पेशाने सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे, वकील नाही आणि इतिहासकारही नाही. तरी या प्रकरणाचे निकाल आणि तारखा मी जमतील तशा वाचल्या आहेत. वाचून झाल्यावर दोन्ही रूपं मला पटेनाशी झाली.

आधी माणूस समजून घेऊ. १९२९ साली तेव्हाच्या कुलाबा जिल्ह्यात सावित्री नदीकाठच्या आंबेत गावात जन्म. मुंबईत शिक्षण, मग लंडनला लिंकन्स इनमधून बॅरिस्टर. १९६२ ला पहिल्यांदा विधानसभेत. पुढे राज्यात मंत्री, मग राज्यसभा आणि काँग्रेसच्या अखिल भारतीय समितीचे सरचिटणीस. आणीबाणीनंतर पक्ष फुटला, भलेभले इंदिरा गांधींना सोडून गेले, तेव्हा हे त्यांच्याबरोबर राहिले. त्या निष्ठेचं फळ ९ जून १९८० ला मिळालं. राज्यात मोठमोठ्या मराठा नेत्यांची रांग असताना कोकणातला एक मुसलमान मुख्यमंत्री झाला.

कामाचा झपाटा विलक्षण होता, हे त्यांचे टीकाकारही मान्य करतात. संजय गांधी निराधार अनुदान योजना १९८० ची. आजही आमच्याकडच्या म्हाताऱ्या बाया तिला 'निराधारचा पगार' म्हणतात आणि तो कधी जमा होणार हे विचारायला तलाठ्याकडे खेपा घालतात. १ मे १९८१ ला सिंधुदुर्ग आणि जालना जिल्हे झाले. त्याच वर्षी कुलाब्याचं नाव शिवाजी महाराजांच्या राजधानीवरून रायगड झालं. भवानी तलवार लंडनहून परत आणण्याची घोषणाही त्यांचीच. हे मनापासून होतं की राजकारण होतं, ते ठरवायच्या फंदात मी पडत नाही. राजकारण्यांच्या बाबतीत हे दोन्ही एकाच वेळी खरं असू शकतं.

आता सिमेंट.

आज कोपऱ्यावरच्या हार्डवेअरच्या दुकानात फोन केला की तासाभरात पन्नास पोती दारात येतात. त्यामुळे सिमेंटवरून सरकार कसं पडू शकतं, हे आपल्या वयाच्या माणसाला कळतच नाही. १९८१ मध्ये सिमेंट नियंत्रित माल होता. किंमत सरकार ठरवायचं आणि कुणाला किती द्यायचं तेही सरकारच ठरवायचं. घराला गिलावा करायचा तरी अर्ज करून परवाना मिळवायचा आणि वाट बघायची. दुसरीकडे मुंबईत इमारतींवर इमारती उभ्या राहत होत्या आणि काळ्या बाजारात सिमेंटचा भाव सरकारी भावाच्या कितीतरी वर होता. म्हणजे परवान्याचा कागद हाच मुळात पैसा होता. तो ज्याच्या सहीने मिळतो, त्याच्या हातात नोटा छापायचं यंत्रच होतं म्हणा.

ही सही मुख्यमंत्र्यांच्या मर्जीवर येऊन ठेपली होती. याच काळात त्यांनी काही ट्रस्ट काढले होते. सर्वांत गाजलेला इंदिरा गांधी प्रतिभा प्रतिष्ठान, जाहीर हेतू साहित्यिक-कलावंतांना मदत. या ट्रस्टांकडे कोट्यवधी रुपयांच्या देणग्या आल्या. देणगीदारांत बिल्डर होते, साखर कारखाने होते. ३१ ऑगस्ट १९८१ ला इंडियन एक्स्प्रेसमध्ये अरुण शौरी यांनी हे सगळं छापलं. संसदेत गदारोळ झाला. जनता पक्षाचे प. बा. सामंत मुंबई उच्च न्यायालयात गेले. १२ जानेवारी १९८२ ला न्यायमूर्ती बख्तावर लेंटिन यांनी निकाल दिला: बिल्डरांना मिळालेलं सिमेंट आणि त्यांनी ट्रस्टला दिलेल्या देणग्या यांचा देवाणघेवाणीचा संबंध आहे. अंतुलेंनी राजीनामा दिला. २१ जानेवारीला बाबासाहेब भोसले मुख्यमंत्री झाले. त्या खुर्चीवर अंतुले पुन्हा कधीही बसले नाहीत.

यानंतरची कोर्टाची कहाणी लांबलचक आहे आणि दोन्ही बाजूंच्या फॉरवर्डमध्ये ती चुकीची सांगितली जाते, म्हणून जरा थांबून बघू.

लेंटिन यांचा निकाल रिट याचिकेवरचा होता. तो फौजदारी खटला नव्हता, त्यामुळे 'हायकोर्टाने दोषी ठरवून शिक्षा दिली' हे खोटं आहे. फौजदारी खटला वेगळा, फिर्यादी भाजपचे रामदास नायक. जुलै १९८३ मध्ये विशेष न्यायाधीशांनी अंतुलेंना मोकळं केलं, कारण काय, तर आमदार हा लोकसेवक असतो आणि त्याच्यावर खटला चालवायला लागणारी मंजुरी घेतलेली नाही. फेब्रुवारी १९८४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हे उलटवलं, आमदार त्या अर्थाने लोकसेवक नाही असं ठरवलं आणि खटला थेट उच्च न्यायालयाकडे सोपवला. १९८६ मध्ये पुन्हा सर्वोच्च न्यायालय. तिथे सांगितलं गेलं की आरोप ठेवण्याइतका पुरावा सकृतदर्शनी आहे. १९८८ मध्ये परत तेच न्यायालय, आता सात न्यायाधीश. त्यांनी बहुमताने म्हटलं की आमचाच १९८४ चा आदेश चुकला होता. कायद्याने असे खटले विशेष न्यायाधीशापुढे चालायला हवेत, ते थेट उच्च न्यायालयात नेल्याने आरोपीचा एक हक्क आणि अपिलाची एक पायरी हिरावली गेली.

'सुप्रीम कोर्टाने निर्दोष सोडलं' हा फॉरवर्ड बहुधा या १९८८ च्या निकालावरून आला असावा. त्या निकालाने पैसे घेतले नव्हते असं म्हटलेलं नाही. खटला चुकीच्या दारात उभा केला होता, एवढंच म्हटलं. कोणत्याही फौजदारी न्यायालयाने अंतुलेंना शिक्षा सुनावली नाही, हे खरं. आणि सिमेंट-देणगीचा संबंध एका उच्च न्यायालयाने नोंदवून ठेवला आहे, हेही खरं. आपल्याला सोयीचं तेवढंच एक खरं उचलायची सवय आपण सोडली पाहिजे.

आता घरातल्या बचावाकडे येतो, कारण तो मी सर्वांत जास्त वेळा ऐकला आहे. 'पैसे खिशात कुठे घातले? ट्रस्टमध्ये गेले ना, चांगल्या कामाला!'

कायद्याच्या बाजूने याचं उत्तर सोपं आहे. जुन्या भारतीय दंडविधानातलं लाचेचं कलम १६१ लोकसेवकाने स्वतःसाठी घेतलेल्या मोबदल्यापुरतं नव्हतं, दुसऱ्या कुणासाठी घेतलेला मोबदलाही त्यात येत होता. पण आपल्यासाठी याहून जुनं उत्तर उपलब्ध आहे. बुखारी आणि मुस्लिम या दोन्ही संग्रहांत ती हदीस आहे. जकात गोळा करायला पाठवलेला एक माणूस मदिनेला परत आला आणि म्हणाला की एवढं बैतुलमालचं आणि एवढं मला भेट म्हणून मिळालेलं. तेव्हा रसूलुल्लाह (स.) मिंबरवर उभे राहिले आणि सगळ्यांसमोर विचारलं की हा माणूस आपल्या आईबापाच्या घरी बसून राहिला असता तर या भेटी त्याच्याकडे चालत आल्या असत्या का?

मला हा प्रश्न एखाद्या चांगल्या टेस्ट केससारखा वाटतो. एकच गोष्ट बदलायची, बाकी सगळं तेच ठेवायचं आणि काय होतं ते बघायचं. पद काढून घ्या. आता देणगी येते का? बॅरिस्टर अंतुले मुख्यमंत्री नसते, आंबेतला घरी किंवा कोर्टात वकिली करत असते आणि त्यांनी साहित्यिक-कलावंतांसाठी ट्रस्ट काढला असता, तर मुंबईचे बिल्डर चेकबुक घेऊन रांगेत उभे राहिले असते का? उत्तर सगळ्यांना माहीत आहे. पैसा कुठे खर्च झाला, कुणाच्या भल्यासाठी झाला, हा नंतरचा प्रश्न. आणि त्या परवान्याची वाट बघत पावसाळ्याआधी छत घालू न शकलेला माणूस, त्याचं काय? त्याच्याकडे देणगी द्यायला काही नव्हतं. त्यांच्यात आपले लोकही असतील. बिल्डरला जास्तीचं पोतं मिळतं तेव्हा ते कुणाच्या तरी वाट्याचं असतं.

या पद्धतीचं काय झालं ते बघितलं पाहिजे. प्रकरणानंतर काही आठवड्यांतच, फेब्रुवारी १९८२ च्या अखेरीला, केंद्राने सिमेंटवरचं नियंत्रण अंशतः उठवलं आणि १९८९ मध्ये पूर्ण उठलं. सिमेंट सुटलं. सही आणि देणगी यांची जोडी मात्र सुटली नाही, तिने फक्त माल बदलला. भूखंड, खाणी, स्पेक्ट्रम, चटईक्षेत्र.

मार्च २०२४ मध्ये मी आणि माझ्या ओळखीचे बरेच इंजिनिअर रात्री जागून एकच काम करत होतो. सर्वोच्च न्यायालयाने १५ फेब्रुवारीला निवडणूक रोखे घटनाबाह्य ठरवले होते आणि स्टेट बँकेकडची माहिती निवडणूक आयोगाने संकेतस्थळावर टाकली होती. एक यादी रोखे घेणाऱ्यांची, दुसरी वटवणाऱ्या पक्षांची. आधी दोन्ही जुळवायला क्रमांकच नव्हते. न्यायालयाने पुन्हा खडसावल्यावर २१ मार्चला ते आले. मग पीडीएफमधून तक्ते काढायचे, नावांची स्पेलिंगं सारखी करायची, दोन्ही याद्या क्रमांकावर जोडायच्या आणि शेजारी तारखा मांडायच्या: छापा कधी, कंत्राट कधी, रोखा कधी. देणगीदारांत तपास यंत्रणांची कारवाई झालेल्या कंपन्याही होत्या, हे तेव्हा सगळ्या वर्तमानपत्रांत आलं. स्क्रीनवर ते तक्ते बघताना मला सारखं १९८१ आठवत होतं. तिथेही शेवटी दोन याद्याच होत्या, एक सिमेंटची आणि एक देणग्यांची. फरक इतकाच की तेव्हा ते काम वार्ताहरांनी आणि याचिकाकर्त्यांनी कागदावर केलं.

आणखी एक फरक आहे, तो मला जास्त बोचतो. १९८२ मध्ये एका उच्च न्यायालयाच्या एका न्यायाधीशाने तसा संबंध आहे म्हटलं आणि मुख्यमंत्र्याला जावं लागलं. २०२४ मध्ये देशाच्या सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायाधीशांनी एकमताने अख्खी योजना रद्द केली आणि कुणाचाही राजीनामा आला नाही. कुणी मागितला तोही दोन दिवस.

यावर आपल्यातला एखादा लगेच म्हणेल, 'बघा, म्हणजे कायदा फक्त मुसलमानाला!' इथे घाई करून चालणार नाही. अंतुले मुसलमान होते म्हणून गेले, हा दावा तपासून घेऊ.

त्यांना आणणारा आणि जाऊ देणारा पक्ष एकच. १९८० मध्ये त्यांचा धर्म आडवा आला नाही आणि नंतरही पक्षाने त्यांना टाकून दिलं नाही. ते कुलाब्यातून लोकसभेवर गेले, नव्वदच्या दशकात केंद्रात आरोग्यमंत्री झाले आणि २००६ मध्ये अल्पसंख्याक मंत्रालय पहिल्यांदा स्थापन झालं तेव्हा त्याचे पहिले मंत्री तेच होते. निकाल देणारे लेंटिन पारशी. हेच लेंटिन पुढे जे. जे. रुग्णालयातल्या भेसळयुक्त ग्लिसरॉलच्या बळींची चौकशी करून सत्ताधाऱ्यांना घाम फोडणारे. आणि एक तपशील आपल्या फॉरवर्डमध्ये कधीच नसतो. जुलै १९८२ मध्ये अंतुलेंवर खटला भरायला राज्यपालांनी मंजुरी दिली. ते राज्यपाल होते निवृत्त एअर चीफ मार्शल इद्रिस हसन लतीफ, भारतीय हवाई दलाचे पहिले मुस्लिम प्रमुख. लतीफसाहेबांनी हा कागद समोर आल्यावर कौमचा विचार केला असता तर? त्यांनी समोरचा कागद वाचला आणि सही केली. आपल्या मुलांना सांगायचीच झाली, तर १९८२ सालची ही दुसरी मुस्लिम गोष्टही सांगा.

याचा अर्थ धर्माचा काहीच संबंध नव्हता, असं मी म्हणत नाही. त्यांच्या विरोधकांत आणि पक्षातल्या प्रतिस्पर्ध्यांत काहींना मुसलमान मुख्यमंत्री खुपत असणारच. जातीच्या गणिताबाहेरचा माणूस वर बसला की तो पडायची वाट बघणारे जास्त असतात. पण खड्डा त्यांनी खणलेला नव्हता.

धर्माचा खरा हिशेब मला राजीनाम्यानंतरच्या वर्षांत दिसतो. १९८६ मध्ये शिवाजीराव पाटील निलंगेकरांना मुलीच्या एम. डी. परीक्षेच्या गुणांवरून न्यायालयाचे ताशेरे बसले आणि मुख्यमंत्रिपद सोडावं लागलं. २०१० मध्ये अशोक चव्हाण 'आदर्श' इमारतीच्या प्रकरणात पायउतार झाले, पुढे खासदार झाले, प्रदेशाध्यक्ष झाले, मंत्री झाले आणि २०२४ मध्ये भाजपमधून राज्यसभेवर गेले. या दोघांनंतर कुणी म्हणालं का, की आता मराठा मुख्यमंत्री नको, एकदा करून बघितला? त्यांचा दोष त्यांच्या नावावर लागला आणि जागा पुढच्याला मोकळी झाली. अंतुलेंचा दोष मात्र आपल्या सगळ्यांच्या खात्यावर मांडला गेला. चार दशकांहून जास्त काळ लोटला. २०११ च्या जनगणनेनुसार राज्यात आपण साडेअकरा टक्के आहोत. २०२४ च्या विधानसभेत २८८ पैकी १० मुस्लिम आमदार निवडून आले आणि त्याच वर्षी लोकसभेच्या ४८ जागांपैकी एकीवरही मुस्लिम खासदार नाही. मुख्यमंत्रिपदाचं सोडा, त्या खुर्चीच्या चर्चेत आपलं नावही कुठे नसतं.

आणि मग आपण काय करतो? एकमेव असल्यामुळे त्या एका माणसाला घट्ट धरून बसतो. त्याच्यावर एक प्रश्न विचारला तरी घरातली माणसं दुखावतात, जणू तो प्रश्न त्यांच्या इज्जतीवर आहे. म्हणजे बाहेरचे त्यांचा दोष आपल्या खात्यात टाकतात आणि आपण तो मुकाट्याने स्वीकारून लपवायला बसतो. दोन्हीकडून नोंद एकाच चुकीच्या खात्यात पडते. ती दुरुस्त करायची तर सुरुवात आपल्याकडून व्हायला हवी. त्यांच्या योजनांचं श्रेय त्यांचं, सिमेंटची जबाबदारीही त्यांची, आणि ऑफिसमधल्या त्या सहकाऱ्याने 'सिमेंट' म्हटल्यावर थांबायचं कारण नाही. मी आता त्याला सांगतो, बोला की, मी निकाल वाचलाय, तुम्ही वाचलाय का?

याच खटल्याने आपल्या हातात ठेवलेली एक गोष्ट मात्र आपण पार विसरलो आहोत. खटला रखडत गेला तेव्हा अंतुले चौथ्यांदा सर्वोच्च न्यायालयात गेले. १० डिसेंबर १९९१ ला पाच न्यायाधीशांनी निकाल दिला की जलद खटला हा राज्यघटनेच्या कलम २१ मधल्या जगण्याच्या आणि स्वातंत्र्याच्या हक्काचाच भाग आहे, तपासापासून अपिलापर्यंत प्रत्येक टप्प्यावर. किती वर्षांत खटला संपलाच पाहिजे असा ठोक आकडा न्यायालयाने दिला नाही, पण उशीर कुणामुळे झाला आणि आरोपीचं काय नुकसान झालं, हे कसं तोलायचं त्याची सूत्रं घालून दिली. 'अब्दुल रहमान अंतुले विरुद्ध आर. एस. नायक' हे नाव तेव्हापासून देशभरच्या अर्जांत येतं, विशेषतः वर्षानुवर्षं कच्च्या कैदेत असलेल्यांच्या.

त्या कच्च्या कैद्यांत आपली मुलं किती आहेत, हे वेगळं सांगायला नको. मालेगावच्या २००६ च्या स्फोटांत पकडलेल्या नऊ मुस्लिम पुरुषांना आरोपमुक्त व्हायला एप्रिल २०१६ उजाडला. तोवर त्यांतला एक जण हयात नव्हता. बिल्डरांच्या देणग्यांवरून निघालेल्या खटल्यातला निकाल मालेगावच्या यंत्रमाग कामगाराच्या पोराला उपयोगी पडू शकतो, ही कायद्याची मजा आहे. मात्र अंतुले चार वेळा दिल्लीला जाऊ शकले, देशातले मोठे वकील उभे करू शकले. त्या पोराच्या बापाला सेशन्स कोर्टाच्या पुढची तारीख घेतानाच दिवसाची मजुरी बुडवावी लागते. २ डिसेंबरला फोटो पाठवणाऱ्यांपैकी निम्म्यांनी जरी हा निकाल कुणा वकिलाकडून समजून घेऊन एखाद्या कैद्याच्या घरी नेला, तरी बरंच काही होईल.

आता थोडं जवळचं. आमच्या भागातल्या एका शिक्षणसंस्थेने दोन वर्षांपूर्वी मला हिशेब संगणकावर चढवून द्यायला सांगितलं. संस्था आपल्याच लोकांची आहे, शाळा अनुदानित, काम चांगलं. मुली दहावीच्या पुढे शिकू लागल्या त्या याच शाळेमुळे. पावतीपुस्तकं चढवता चढवता माझ्या लक्षात आलं की मोठ्या रकमेच्या देणग्या काही ठरावीक महिन्यांतच येतात. दुसऱ्या फायलीत शिक्षणसेवकांची नेमणूकपत्रं होती. मी दोन्ही तारखांचा एकच तक्ता केला. काय दिसलं असेल, ते तुम्हाला सांगायला नको. शिक्षकाच्या नोकरीसाठी जमीन गहाण टाकणारी कुटुंबं तुमच्याही गावात असतील, आणि ही पद्धत कुठल्या एका धर्माच्या संस्थांची मक्तेदारी नाही.

सेक्रेटरीसाहेब सत्तरीचे आहेत, नमाजी आहेत, स्वतः एक रुपया घेत नाहीत, यावर माझा विश्वास आहे. मी तक्ता दाखवला तेव्हा ते रागावले नाहीत. म्हणाले, "बेटा, हे पैसे शाळेच्या भिंतीत गेलेत. तू ज्या वर्गात बसून हे काम करतोयस, तो वर्ग याच पैशांचा आहे." आणि मग हळू आवाजात, "हे बाहेर गेलं तर बदनामी कौमची होईल."

मी त्यांना तोच प्रश्न विचारला, की चाचा, नेमणूक तुमच्या हातात नसती तर हे लोक देणगी घेऊन आले असते का? ते बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, भिंत नसती तर शाळा नसती. हे उत्तर मला खोडता आलं नाही, कारण सरकार इमारतीला पैसे देत नाही आणि शाळा बंद पडली तर त्या मुली घरी बसतील. पण ज्या हुशार पोरीच्या बापाकडे ती रक्कम नव्हती म्हणून तिची शिक्षिकेची जागा दुसऱ्याला गेली, तिला चाचा काय सांगणार, हेही मला सुचलं नाही. चाचांनाही सुचलं नाही.

धर्मादाय आयुक्तांकडे दरवर्षी जाणारं ऑडिट पूर्ण आहे, तिथे काही खोट नाही. ऑडिटमध्ये बेरीज बघितली जाते, तारखा शेजारी ठेवून कुणी बघत नाही. म्हणून मी संस्थेला लेखी दिलं आहे: ठरावीक रकमेच्या वरच्या देणगीदारांची नावं आणि तारखा वार्षिक अहवालात छापा, त्याच अहवालात त्या वर्षीच्या नेमणुका आणि निवड समितीने दिलेले गुण छापा, आणि उमेदवार किंवा त्याच्या घरच्यांकडून नेमणुकीच्या आधी आणि नंतर एक वर्ष देणगी घेऊ नका. इमारतीसाठी गल्फमधल्या माजी विद्यार्थ्यांकडून पैसे उभे करायला आम्ही काही जण तयार आहोत, तशी वचनं लेखी गोळा केली आहेत. पहिल्या टप्प्याला पुरतील एवढी झाली.

मागच्या सभेत दोन तरुण सभासदांनी आणि एका निवृत्त मुख्याध्यापिकेने पाठिंबा दिला. बाकीच्यांनी विषय पुढच्या सभेवर ढकलला. ती रमजान ईदनंतर आहे. तक्ता मी प्रत्येक सभासदाला आधीच छापून पाठवला आहे.